पथ्य एकट्याचे नव्हे, पंगतीचे

रक्ततपासणीचा अहवाल हातात पडतो, उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा १०० आणि १२५ यांच्यामध्ये कुठेतरी आलेला असतो, खालच्या ओळीत कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि डॉक्टर सांगतात, ‘मधुमेह अजून झालेला नाही, पण तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर उभे आहात, आहार बदला.’ यानंतर आमच्या वसईतील घरांत काय घडते ते जवळजवळ ठरलेले आहे. पहिले आठ दिवस घर हादरलेले असते. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. पंधरवड्याने तो हळूच खाली उतरतो. महिन्याभराने कोणाच्या तरी स्नानसंस्काराच्या जेवणात त्याच माणसाच्या ताटात तिसऱ्यांदा इंद्याल वाढले जाते, आणि वाढणारेच घरी परतताना म्हणतात, ‘त्याला जिभेवर ताबा नाही!’

या निष्कर्षाला आमचा स्पष्ट विरोध आहे. पथ्य मोडते त्यात जिभेचा दोष थोडा आणि पंगतीचा फार, असे आमचे मत आहे. एका माणसाला पथ्य सांगायचे आणि त्याच्याभोवतीचे घर, शेजार आणि धर्मग्राम यांनी मात्र आपले ताट तसूभरही हलवायचे नाही, ही रीत आजाऱ्याला एकटे पाडणारी आहे. एकटा पडलेला माणूस फार काळ पथ्य पाळू शकत नाही. म्हणून आहारबदलाचा प्रश्न हा रुग्णाच्या मनोनिग्रहाचा प्रश्न नसून सर्वांच्या ताटाचा प्रश्न आहे, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम त्या ‘पूर्व’ शब्दाविषयी. उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १०० ते १२५ मिलिग्रॅम असली, अथवा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ ही चाचणी ५.७ ते ६.४ टक्के आली, तर त्या स्थितीस मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. ‘पूर्व’ म्हटले की आमच्या मनाला स्वस्थता येते; जणू पाहुणा अजून स्टेशनवरच आहे! वास्तविक या अवस्थेतच हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा धोका वाढू लागलेला असतो, आणि जोडीला कोलेस्टेरॉल असले तर तो अधिकच वाढतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. त्याच पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आमच्या शेजारच्या गोव्यात आढळले: २६.४ टक्के. म्हणजे प्रौढांपैकी चारांत एकाहून अधिक. मासे, भात आणि नारळ यांवर वाढलेल्या आम्हा किनारपट्टीच्या लोकांनी हा आकडा परक्याचा म्हणून वाचून सोडून देऊ नये.

परंतु हीच अवस्था आशेचीही आहे. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वजन सुमारे सात टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे एवढे ध्येय ज्यांना दिले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. नुसती गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. ‘ते गोऱ्यांचे, आपले काय?’ असे म्हणणाऱ्यांसाठी चेन्नईचा अभ्यास आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नेहमीचा सल्ला देऊन सोडलेल्या लोकांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांबाबत ज्यांचा सतत पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. या दोन आकड्यांतील अंतर आमच्या मुद्द्याचे आहे. पहिल्या गटालाही सल्ला मिळालाच होता. नुसता सल्ला पुरत नाही, सोबत लागते.

आता आमच्या स्वयंपाकघरात शिरू. तेथे काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत की त्यांच्यामुळे माणूस पथ्य करतो आणि तरीही आकडा हलत नाही. ‘मी भात सोडला, आता भाकरीच खातो,’ असे सांगणाऱ्याच्या ताटात भाकरी तांदळाची असते! तांदूळ शिजवला काय आणि दळून थापला काय, पोटात तो तांदूळच राहतो. ‘साखर बंद, गूळ सुरू’ ही तशीच स्वतःची समजूत. गूळ आमच्या मातीचा असेल, मध रानातला असेल, रक्त मात्र त्यांची साखरच करते. ‘नारळात कोलेस्टेरॉल नसते’ हे वाक्य तर आम्ही सुशिक्षितांच्याही तोंडून ऐकतो. वाक्य खरे आहे, पण अर्धे. नारळात कोलेस्टेरॉल नसते हे खरे, परंतु त्यातील चरबी बहुतांशी संपृक्त असते, आणि अशा चरबीमुळे रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल गाळून घेण्याचे यकृताचे काम मंदावते. पोर्कची चरबी, लोणी, वनस्पती तूप, बेकरीची खारी आणि बटर हीही त्याच वाटेची. साखरविरहित म्हणून विकली जाणारी बिस्किटेही शेवटी मैदा आणि चरबी यांचीच असतात.

याचा अर्थ नारळ, पोर्क आणि भात यांना घरातून हद्दपार करा असा नाही. आमच्या जेवणातच आमचे औषध पुष्कळ आहे, फक्त ते ताटाच्या कडेला ढकलले गेले आहे. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे हृदयासाठी पापलेटपेक्षा कमी नाहीत. ते रव्यात घोळून तेलात बुडवण्याऐवजी तव्यावर भाजावे, नाहीतर पातळ आमटीत, अर्ध्या नारळात शिजवावे. वाल, चवळी, मूग, मसूर यांना ‘गरिबाचे कालवण’ म्हणून नाक मुरडणे सोडावे. वाड्यांतून निघणारी पालेभाजी, दुधी, भेंडी, वांगी, शेंगा यांनी ताटाचा निम्मा भाग भरावा, चतकोर भागात मासा अथवा डाळ यावी, आणि भात किंवा भाकरी उरलेल्या चतकोरात मावावी. केळे वर्ज्य नाही, पण ते एक लहान असावे. राजेळीची सुकेळी ही वाळवून घट्ट केलेली साखरच आहे, हे विसरू नये. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. सुके बोंबील आणि जवळा यांतील मीठ रक्तदाब असणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मद्याविषयी लग्नमंडपात कोणी ऐकून घेत नाही, तरी ते रक्तातील चरबी वाढवते हे येथे लिहून ठेवतो.

हे सारे कोणी करावयाचे? येथे आम्ही आमच्या घरांतील एका जुन्या अन्यायाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. घरधन्याला पथ्य सांगितले की गृहिणी त्याच्यासाठी निराळे पातेले चढवते. ती दोनदा स्वयंपाक करते, तो दुःखी चेहऱ्याने निराळे जेवतो, आणि समोर मुले तळलेली कोळंबी खात असतात. ही योजना तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकत नाही. आणि पथ्य त्या गृहिणीलाच सांगितलेले असेल तर? मग पातेले चढतच नाही. ती सर्वांच्या आवडीचे रांधते आणि शेवटी उरलेला भात, वाया जाऊ नये म्हणून, स्वतःच्या ताटात घेते. घरातील उरलेसुरले पोटात घालणे हे तिचे कर्तव्य मानले गेले आहे. गरोदरपणी जिला मधुमेह झाला होता, तिला पुढील आयुष्यात तो होण्याची शक्यता अधिक असते. किती घरांत ही गोष्ट प्रसूतीनंतर पुन्हा कोणी काढतो? निराळे पातेले नको. पातेले एकच असावे आणि ते सर्वांचे असावे. जे जेवण मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाला हितकर, ते त्याच्या मुलांना अहितकर नाही. उलट तेच रक्त अंगात असल्यामुळे ते त्यांना अधिक अगत्याचे आहे.

आता आग्रहाविषयी. आमच्या समाजाला आपल्या आदरातिथ्याचा अभिमान आहे आणि तो योग्यही आहे. पण ‘माझी शपथ, एक तरी घ्या’, ‘आजच्या दिवसाने काय होते’, ‘आमच्या घरचे गोड लागत नाही वाटते’ ही वाक्ये प्रेमाची नसून सक्तीची आहेत. आजच्या दिवसाने काही होत नाही हे खरे. पण साखरपुडा, हळद, लग्न, गावचा सण, वाढदिवस, पहिला ख्रिस्तप्रसाद, मृतांच्या स्मरणाचे जेवण अशा ‘आजच्या दिवसांनी’ आमचे वर्ष गच्च भरलेले आहे. परिणामी माणसे आपला आजार लपवू लागतात. नको म्हटले तर यजमान दुखावतो, कारण सांगितले तर चार माणसे कीव करतात, म्हणून मुकाट्याने खाल्लेले बरे असे त्यांना वाटते. ज्या पंगतीत माणसाला ‘मला हे चालत नाही’ असे सरळ सांगता येत नाही, ती पंगत कितीही भरलेली असली तरी तिच्यात काहीतरी उणे आहे.

संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना याच स्वरूपाचा प्रश्न हाताळला आहे. तेथे वाद मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा होता, साखरेचा नव्हता; पण त्याचा न्याय येथे तंतोतंत लागू पडतो. जे खाण्याची मला मोकळीक आहे, त्याने माझ्या भावाचे नुकसान होत असेल तर ते मी सोडीन, असा त्याचा भाव आहे. दुर्बळाने बलवान व्हावे असे तो सांगत नाही. बलवानाने आपले ताट बदलावे, असे सांगतो.

‘आमचे आजे-पणजे हेच खाऊन म्हातारे झाले,’ असा आक्षेप येईल. तो येऊ द्या. त्या आजोबांनी भाजीचे ओझे डोक्यावर घेऊन स्टेशन गाठले, वाडीत दिवसभर कुदळ मारली, आणि पोर्क खाल्ले ते सणाला आणि लग्नाला. त्यांचा नातू विरार लोकलने जातो, आठ तास खुर्चीत बसतो, आणि त्याच्या घरी दर रविवार लग्नाचा असतो. आजोबांचे ताट हवे असेल तर आजोबांची कुदळही घ्यावी. ‘मरायचेच आहे, तर खाऊन मरू’ असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे असे, की मधुमेह सहसा इतका दयाळू नसतो. तो डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांचा हप्त्याहप्त्याने ताबा घेतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला घेऊन जाण्याचे ओझे खाणाऱ्यावर नव्हे, त्याच्या लेकीसुनांवर पडते.

‘सगळ्यांनी बदलायचे हे बोलायला सोपे,’ असेही कोणी म्हणेल. पण आम्ही दरवर्षी चाळीस दिवस हेच तर करतो! उपवासकाळात आमच्या अनेक घरांतून मांस आणि मद्य बाहेर जाते. त्या दिवसांत कोणी कोणाला आग्रह करीत नाही, नको म्हणणाऱ्याची थट्टा होत नाही, घरात दोन पातेली चढत नाहीत, आणि कोणाला मनोनिग्रहाचे व्याख्यान द्यावे लागत नाही. सर्वांचे ताट एकदम बदलते म्हणून प्रत्येकाला ते सोपे जाते. आमच्या मुद्द्याचा याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही. दुर्दैव एवढेच, की मांसाची भरपाई कोळंबीने आणि चाळीस दिवसांची भरपाई ईस्टरच्या एका आठवड्यात केली जाते. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उपाशी राहू नये. आजाऱ्याने जिवावर उदार होऊन उपवास करावा अशी ख्रिस्तसभेची अपेक्षा नाही.

तसेच, आहार म्हणजे सर्वस्व असेही आमचे म्हणणे नाही. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल रक्तातूनच येते आणि ताट कितीही सुधारले तरी औषध घ्यावेच लागते. डॉक्टरांनी दिलेली गोळी शेजाऱ्याच्या काढ्यासाठी किंवा कोणा प्रचारकाच्या भुकटीसाठी बंद करणे हा आत्मघात आहे.

मग धर्मग्रामाने काय करावे? फार मोठे काही नको. सणाच्या मिस्सानंतर केक आणि सरबत यांच्या शेजारी उकडलेले चणे, कापलेली फळे आणि बिनसाखरेचा चहा ठेवावा; तो मागावा लागू नये, समोर असावा. लग्नाच्या जेवणात एक पालेभाजी, एक डाळ आणि एक भाजलेला मासा असावा. वाढणाऱ्याने एकदा विचारावे. ‘नको’ हे उत्तर पूर्ण उत्तर मानावे आणि कारण विचारू नये. महिला मंडळांनी पाककृतींच्या स्पर्धेत वर्षातून एकदा तरी कमी नारळाची, कमी तेलाची आमटी परीक्षेला ठेवावी, आणि पुरुषांनी त्या दिवशी नुसते परीक्षक न होता चुलीशी उभे राहावे.

सण राहू द्या, वडे राहू द्या, फुगे आणि सांदणही राहू द्या. सणाची गोडी रोजच्या साध्या जेवणाने टिकते. रोजच सण झाला की सणालाही चव उरत नाही. आणि पुढच्या वेळी शेजारचा माणूस ताटावर हात आडवा धरील, तेव्हा डाव खाली ठेवून त्याच्या शेजारी बसा. त्याला वाढण्यापेक्षा त्याच्याबरोबर जेवण्याची गरज अधिक आहे.