पासबुक तिचे, पैसा कुणाचा?

मैत्रिणींनो, गरिबी हटवण्याच्या योजनांचा हिशेब आपल्याला दोनच आकड्यांत सांगितला जातो : खर्च किती झाला आणि लाभार्थी किती. त्या पैशाने बाईच्या आयुष्यात काय बदलले, हे कुणी मोजत नाही. ते मोजायला लावणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

रोजगार हमीचेच बघा. १९७२ च्या दुष्काळात ही योजना सुरू झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला. खडी फोडायला, माती वाहायला बाया मोठ्या संख्येने आल्या. १९८८ मध्ये किमान वेतन वाढले, तशी हमीची मजुरीही जवळपास दुप्पट झाली. वरवर पाहता आनंदाचीच गोष्ट. पण रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी या अभ्यासकांनी महिन्यामहिन्याचे आकडे तपासून १९९३ मध्ये दाखवून दिले, की या वाढीनंतर मागेल त्याला काम मिळेनासे झाले. मजुरी वाढवणे चूक नव्हते. वाढीव मजुरीवर सगळ्यांना पुरेल इतके काम काढले गेले नाही. कुणी तपासलेच नसते तर ‘मजुरी वाढली’ एवढेच आपण म्हणत राहिलो असतो.

दुसरा अभ्यास शेजारच्या मध्य प्रदेशातला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. काही गावांतल्या बायांना नुसते स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडून दिले. इतर काही गावांत खात्याबरोबर ते वापरायचे शिक्षण दिले आणि रोजगार हमीची मजुरी थेट त्याच खात्यात जमा केली. कुठल्या गावाला काय, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरले. पुढे नुसते खाते मिळालेल्यांपेक्षा या दुसऱ्या बाया हमीच्या कामावर आणि बाहेरही जास्त काम करू लागल्या.

आता आपल्या टेंभुर्णीकडे या. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली, खात्यावर महिना १५०० रुपये ठरले. ते पासबुक कुणाच्या पेटीत असते? पैसे काढायला ती एकटी जाते का? ऊसतोडीची उचल त्यामुळे कमी घ्यावी लागली का? लाभार्थ्यांच्या यादीत याची उत्तरे नाहीत.

कुणी म्हणेल, भुकेलेल्या बाईला आधी भाकरी द्या, अभ्यास कसले करता? भाकरी आधीच द्यावी. पण ती तिच्याच ताटात पडली का, हे पाहायला नको का? आणि एका गावाला आधी, दुसऱ्याला नंतर, हा अन्याय नाही का? योजना तशीही सगळीकडे एकदम पोचत नाही. मग आधी कोण, हे पुढाऱ्याच्या मर्जीऐवजी चिठ्ठीने ठरलेले बरे.

अट एकच. आमच्याकडून माहिती नेणाऱ्यांनी निष्कर्ष ग्रामसभेत, आमच्या मराठीत वाचून दाखवावेत. माहिती आमची, तर उत्तरावरचा पहिला हक्कही आमचाच.