बॅगवर "शाश्वत" नंतर लिहा, आधी आत काय आहे ते लिहा



गेल्या वर्षभरात शेडवर जेवढे फीडवाले आले, त्या सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. शाश्वत! डीडीजीएस शाश्वत, अझोला शाश्वत, सरकीची ढेप शाश्वत. मी विचारतो, "भाऊ, यानं मांसात काय फरक पडते?" उत्तर येतं, "दादा, बॅगमागं पैसे वाचते." अरे, मी काय विचारून रायलो अन् तू काय सांगून रायला!

म्हणून आज सविस्तर लिहितो. माझं म्हणणं सरळ आहे. खाद्य बदललं की मांस बदलतं. तो बदल तपासा, बॅगवर लिहा, आणि मांस चांगलं झालं तर पाळणाऱ्याला त्याचे पैसे द्या. हे तिन्ही होत नसेल तर "शाश्वत" म्हणजे स्वस्त मालाला दिलेलं गोड नाव.

आधी हा विषय आपल्या वावरापर्यंत कसा येतो ते बघा. ब्रॉयलरच्या खर्चात ६५ ते ७० टक्के खाद्याचा वाटा. ते खाद्य मका आणि सोयाबीन डीओसीवर उभं आहे. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं, तेव्हा पोल्ट्री उद्योगानं खाद्य महागल्याची ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि आपला नवा माल यायच्या तोंडावर भाव घसरला. पुढं मका इथेनॉलकडं वळला. त्यातून उरलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, डीओसीच्या जागी खाद्यात शिरला. २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना विदर्भात कितीतरी जणांनी त्याच्या खाली सोयाबीन विकलं, हे मी कळमेश्वरात बसून तुम्हाला सांगायची गरज नाही. माझ्याकडं सोयाबीनही आहे आणि पक्षीही आहेत. एका हातानं वाचलेलं दुसऱ्या हातानं जात असेल तर ती बचत कोणाची?

आता एकेक खाद्य घेऊ.

डीडीजीएस. वाईट नाही. प्रथिनं आहेत, मक्याचा पिवळा रंगही आहे. पण मक्यातला स्टार्च निघून गेला की बाकी सगळं जवळपास तिप्पट घट्ट होतं, बुरशीचं विषसुद्धा. मक्यात १० पीपीबी अफलाटॉक्सिन असेल तर चोथ्यात ३० च्या आसपास. कुक्कुट खाद्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १३७४ (२००७) मध्ये, तयार खाद्याची मर्यादा २० पीपीबी आहे. हे विष भाजून, उकळून जात नाही. पक्ष्याची काळीज फिकट पिवळी पडते, वाढ खुंटते, लस नीट लागत नाही. शिवाय प्रमाण वाढलं की चरबी मऊ पडते आणि मांस लवकर खवट होतं. थोडं, तपासलेलं डीडीजीएस चालेल. "मोजलं नाही, पण शाश्वत आहे" हे चालणार नाही.

सरकीची ढेप. आपल्या जिल्ह्यात जिनिंगची कमी नाही, म्हणून हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. गाय-म्हशीला चालते, पण कोंबडीला गॉसिपॉल बाधतं. अंडी देणाऱ्या पक्ष्याला दिली तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो. ब्रॉयलरमध्ये दुसरी अडचण लायसिनची. सोयाबीनपेक्षा ते इथं कमी, आणि लायसिन कमी पडलं की छातीचं मांस कमी भरतं, पोटातली चरबी वाढते. काट्यावर वजन तेच दिसेल, पण ताटात मांस कमी येईल. फुकट गॉसिपॉल बांधायला फेरस सल्फेट लागतं, लायसिन वरून टाकावं लागतं. त्याचा हिशोब कोणताच विक्रेता सांगत नाही.

अझोला. व्हिडिओ भरपूर, हिशोब कोणी करत नाही. एक किलो ओल्या अझोलात कोरडा पदार्थ ५०-७० ग्रॅम, त्यात प्रथिनं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे जेमतेम १५ ग्रॅम. मोठा ब्रॉयलर दिवसाला दीडशे ग्रॅम फिनिशर खातो. त्यात २० टक्के धरले तर प्रथिनं ३० ग्रॅम. ते अझोल्यातून द्यायचे तर एका पक्ष्याला रोज दोन किलो! परसातल्या दहा कोंबड्यांना हिरवा चारा म्हणून उत्तम आहे. पाच हजारांच्या शेडला तो पर्याय म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

ज्वारी. मक्याच्या जागी पांढरी, कमी टॅनिनची ज्वारी चांगली चालते. एकेकाळी ती आपलं मुख्य पीक होती. पण ज्वारीत पिवळा रंग नाही, म्हणून कातडी पांढुरकी राहते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "हा गावरान नाही वाटत." अहो, पिवळी कातडी म्हणजे मक्यातला रंग. चवीचा नाही की ताकदीचा नाही. हे समजावून सांगणं विक्रेत्याचं काम आहे, पण भोगतो पाळणारा.

जवस. इथं मात्र मांस खरोखर सुधारतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं आणि पक्षी ते चरबीत साठवतो, मांडीत जास्त. जुने लोक सावजी रस्सा जवसाच्या तेलात करायचे. तेच जवस आता कोंबडीतूनच ताटात येऊ शकतं. पण त्यालाही मर्यादा आहे. खाद्यात दहा टक्क्यांच्या वर गेलं की वाढ मंदावते, मांसाला माशासारखा वास येतो. शेवटचे दोन-तीन आठवडे, बेतानं, सोबत व्हिटॅमिन ई, असं द्यावं लागतं. म्हणजे खर्च वाढतो.

आणि खरी गाठ इथंच आहे. तो खर्च कोण देणार? करारावर पाळणाऱ्याला पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. आपल्याकडं शेड, वीज, पाणी आणि रात्रीची जागरणं. पैसे जिवंत वजनावर आणि एफसीआरवर. मांडीत ओमेगा-३ किती, छाती किती भरली, शिजवताना पाणी किती सुटतं, हे कोणत्याच काट्यावर दिसत नाही. मागच्या एका बॅचला खाद्याचा रंग-वास बदललेला दिसला, एफसीआर बिघडला आणि कपात माझ्या खात्यात झाली. बॅगेत काय बदललं ते विचारलं तर उत्तर "फॉर्म्युला कंपनीचा असते." फॉर्म्युला तुमचा आणि नुकसान आमचं, हे कोणत्या गणितात बसतं?

"गिऱ्हाईकालाच स्वस्त पाहिजे," असं काही मित्र म्हणतील. मान्य. पण याच नागपुरात तेच गिऱ्हाईक गावरान म्हटल्यावर दुप्पट पैसे मोजतं. त्याला फरक हवा आहे. फक्त तो फरक खरा आहे की पाटीवरचा, हे ओळखायचं साधन त्याच्याकडं नाही.

म्हणून मागणी स्पष्ट ठेवतो.

१. प्रत्येक बॅगवर घटक आणि त्यांचं प्रमाण. डीडीजीएस किती टक्के, ढेप कोणती, सगळं.

२. प्रत्येक लॉटचा अफलाटॉक्सिन रिपोर्ट पाळणाऱ्याच्या हातात.

३. खाद्य बदललं तर त्या बॅचच्या एफसीआरची कपात बंद.

४. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, माफसूचं मुख्यालय इथंच, कापूस संशोधन संस्था इथंच, जवसावरचं कामही इथल्या कृषी महाविद्यालयात. या सगळ्यांनी मिळून शेतकऱ्यांच्या शेडवर ज्वारी, जवस, ढेप घालून चाचण्या घ्याव्यात आणि नुसत्या वजनाचे नाही, मांसाचे निकाल मराठीत द्यावेत.

५. चाचणीत मांस सरस ठरलं तर किलोमागं जादा दर, करारात लेखी.

कृषी आणि पशुवैद्यक मित्रांनो, तुमच्याकडं यापेक्षा पक्के आकडे असतील तर मांडा. आणि पाळणाऱ्यांनो, पुढच्या वेळी गाडी खाली व्हायच्या आधी सुपरवायझरला एवढंच विचारा, "भाऊ, यात काय आहे?" सांगत नसेल तर बॅगेतलं मूठभर खाद्य पिशवीत बांधून तारीख टाकून ठेवा. तपासणीला तेच कामी येईल.