हुरड्याचा सिलॅबस

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, ‘वीकेंडला हुरडा?’ मग दोन गाड्या, दहा-बारा जण, शेतातली आगटी, गरमागरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. पोट भरलं की फोटो, फोटो झाले की परत शहर. पण हे कणीस आजच तोडायचं, हे ठरवलं कुणी? हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

ज्वारीचा दाणा आधी दुधाळ असतो, मग हुरड्यात येतो आणि बघता बघता कडक होतो. मधले मोजके दिवसच आपले. ते ओळखायचे दाणा चिमटीत दाबून. शिवाय दाणा गोड हवा आणि तळहातावर चोळला की तुसातून सहज सुटायला हवा. सुरती, गूळभेंडी असे वाण शेतकऱ्यांनी याच परीक्षेत पास करून पिढ्यान्‌पिढ्या जपले. ना लॅब, ना डेटाशीट!

आता परभणीला चला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाला २०१३ पासून वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्यांनी खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हा वाण दिला. इक्रिसॅटबरोबरच्या कामातून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ आली. तिच्यात लोह आणि जस्त जास्त. आपली लाडकी मालदांडीसुद्धा १९३०च्या दशकात मोहोळला गावरान ज्वारीतूनच निवडलेली. म्हणजे संशोधकांचं भांडवल शेतकऱ्याच्या कणगीतलं.

गोची पुढे आहे. रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, वर जनावरांना कडबा देते. पण कापणी-काढणीला माणसं लागतात आणि मजुरी परवडत नाही. मग खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, आणि ज्वारीची जागा आक्रसत जाते. पेरा थांबला की बी जातं, आणि बियाण्याचं कणीस कसं निवडायचं, ते कसं टिकवायचं, हे आजीचं ज्ञानही जातं.

कायदे आहेत. २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावाची नोंदवही ठेवायची आहे. कृषी पदवीची मुलं शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांना नवं तंत्र दाखवतात. मस्तच! पण त्याच मुक्कामात काही दिवस आजीने शिकवावं, मुलांनी लिहून घ्यावं आणि त्यालाही मार्क असावेत. मग नोंदवही आपोआप भरेल.

आणि आपण? या सीझनला शेतावर गेलात की काकूंना विचारा, वाण कोणता, बी घरचं का? येताना पाच किलो ज्वारी घ्या, घासाघीस न करता. परवडली तरच ती पेरली जाणार, बॉस!