गोदाकाठचे कागदी पक्षी
नांदेडजवळ गोदावरीवर असलेल्या विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयावर दिसणारे बगळे आणि पाणकावळे मुलांनी कागदातून घडवावेत, चौकटीत मांडावेत, असं मला मनापासून वाटतं. कागदाला घड्या घालून आकार घडवण्याच्या या कलेची, ओरिगामीची, गोडी लेखक डॉ. अनिल अवचटांनी मराठी घरांत पोचवली. जपानच्या अकिरा योशिझावांनी कागद किंचित ओलसर करून घड्या घालत प्राण्यांना गोलाई दिली. ही गोलाई जपायची तर साधी फोटोफ्रेम उपयोगाची नाही, तिची काच पक्ष्याला चेपते. पेटीसारखी खोल चौकट घ्यावी, पक्षी चिकटवायला पोटाखाली फेव्हिकॉलचा छोटा ठिपका पुरतो. वर्तमानपत्राचा कागद त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडतो. म्हणून आम्लरहित कागद निवडावा आणि थेट ऊन न येणारी भिंत. नांदेडच्या प्रत्येक शाळेत गोदावरीचे पक्षी असे मानाने मांडलेले दिसायला हवेत.