शाळेच्या फळ्यावर कोणाचा इतिहास?

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२१ साली एक कायदा संमत केला. २०२९-३० साली माध्यमिक शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ‘एथ्निक स्टडीज’, म्हणजे देशातील वांशिक समूहांचा इतिहास व जीवन, हा विषय निदान एक सत्र अभ्यासलेला असला पाहिजे आणि त्यासाठी २०२५-२६ पासून प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेने तो शिकविण्याची सोय केली पाहिजे, असे या कायद्याने ठरविले. मात्र कायद्यात एक अट होती. राज्याने खर्चाची तरतूद केली तरच ही सक्ती अमलात यायची होती. वर्षाला सुमारे २७ कोटी ६० लाख डॉलर लागतील, असा सरकारी अंदाज होता. २०२५ च्या जूनमध्ये अंदाजपत्रक संमत झाले तेव्हा त्यात ही रक्कम नव्हती. विषय शिकविण्याची मुभा राहिली. सक्ती कागदावर राहिली. ज्या गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी कायद्यावर सही केली, त्यांच्याच कारकिर्दीत हे घडले. सारा दोष तिजोरीच्या खडखडाटावर ढकलता येईल. पण ते अर्धसत्य होईल. या विषयावरून जे वादळ उठले त्याला तोंड देण्यापेक्षा मौन पत्करणे राज्यकर्त्यांना सोयीचे वाटले असावे, असे म्हणावयास जागा आहे.

या वादाचे मूळ १९६८ सालात आहे. त्या वर्षीच्या ६ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि लॅटिन, आशियाई व मूळ अमेरिकन विद्यार्थी त्यात सामील झाले. ब्लॅक पँथर पक्षाशी संबंध असलेल्या एका अध्यापकाच्या निलंबनाचे निमित्त झाले होते. परंतु आमचा इतिहास आम्हांला शिकवा, ही खरी मागणी होती. भाषाशास्त्रज्ञ एस. आय. हायाकावा हे तेव्हा कॉलेजचे प्रभारी अध्यक्ष झाले. ध्वनिक्षेपक लावलेल्या गाडीवर चढून त्यांनी तारा उपटल्या आणि एका दिवसात ते देशभर गाजले. संप मात्र १९६९ च्या मार्चपर्यंत चालला आणि मिटला तो या विषयाचे स्वतंत्र विद्यालय मान्य करूनच. विद्यापीठाच्या अंगणात जन्मलेला हा विषय पुढे पन्नास वर्षांनी माध्यमिक शाळेच्या दारात येऊन उभा राहिला आणि तेथेच खरी झुंज सुरू झाली. विद्यापीठात जाणारा स्वेच्छेने जातो. सरकारी शाळेत मूल कायद्याने बसते. म्हणून शाळेच्या फळ्यावर काय लिहावयाचे, हा प्रश्न अखेर राज्यसत्तेचा प्रश्न ठरतो.

विषयाची गरज नाकारणे कठीण आहे. कॅलिफोर्नियातील सरकारी शाळांत सुमारे ५८ लाख मुले शिकतात. त्यांत निम्म्याहून अधिक लॅटिन वंशाची आहेत. गोऱ्यांचे प्रमाण पाचांत जेमतेम एक एवढेच आहे. १८८२ साली चिनी मजुरांना देशाचे दार बंद करण्यात आले. १९४२ मध्ये अध्यक्षांच्या एका हुकुमाने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडून तारेच्या कुंपणाआड राहावे लागले. मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळ्या शाळांत बसविणे बेकायदा आहे, हे ठरवून घेण्यासाठी कॅलिफोर्नियातील मेंडेझ कुटुंबाला न्यायालयात जावे लागले आणि १९४७ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. कृष्णवर्णीयांच्या बाजूने ब्राऊन खटल्याचा प्रसिद्ध निकाल लागला तो त्यानंतर सात वर्षांनी. या गोष्टी अमेरिकेच्या इतिहासाच्या तळटीपा नव्हेत. तो इतिहासच आहे.

परंतु विरोधकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. सार्वजनिक शाळा ही निरनिराळ्या वंशांच्या मुलांतून एक नागरिक समाज घडविणारी संस्था आहे. तिने मुलाला प्रथम त्याच्या वंशाची ओळख पटवून दिली, तर समान नागरिकत्वाची भावना दुबळी होईल, अशी भीती ते व्यक्त करतात. ही भीती निराधार नाही. प्रश्न एवढाच, की तिच्यावर उपाय कोणता? ॲरिझोना राज्याने बंदीचा उपाय करून पाहिला. टूसॉन शहरातील शाळांत १९९८ पासून मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचा उपक्रम चालू होता. एखाद्या वंशाविषयी वा वर्गाविषयी चीड निर्माण करणारे, किंवा मुख्यतः एकाच वंशाच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेले अभ्यासक्रम २०१० च्या कायद्याने निषिद्ध ठरविले गेले. राज्याच्या अनुदानात दहा टक्के कपात होईल, या धाकाने २०१२ च्या जानेवारीत तेथील शिक्षण मंडळाने उपक्रम गुंडाळला आणि वर्गांतून पुस्तके उचलून नेण्यात आली. मुलांच्या मनात चीड निर्माण करण्याचा याहून खात्रीचा मार्ग शोधूनही सापडला नसता!

पाच वर्षांनी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, न्यायाधीश ए. वॉलेस ताशिमा यांनी निकाल दिला, की या कायद्यामागे आणि त्याच्या अंमलबजावणीमागे वांशिक आकस होता. या निकालाला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. ताशिमा हे स्वतः जपानी वंशाचे असून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लहानपणी त्यांना पोस्टन येथील छावणीत स्थानबद्ध राहावे लागले होते, आणि हे पोस्टन ॲरिझोनातच आहे. एका समूहाचा इतिहास शिकविणे धोक्याचे आहे, असे म्हणणाऱ्या राज्याचा न्याय त्याच राज्याच्या वाळवंटात बालपण कोंडले गेलेल्या माणसाने करावा, हा नियतीचा न्याय म्हटला पाहिजे. तसे पाहता, त्याने तो भावनेच्या भरात केला नाही. पुरावा तपासून केला. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कॅलिफोर्नियाची चूक उलट्या टोकाची होती. राज्याने नमुना अभ्यासक्रमाचा पहिला मसुदा २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तो इतिहासाचा ग्रंथ कमी आणि जाहीरनामा अधिक वाटला. भांडवलशाही ही वंशवादाच्याच पंक्तीत बसविलेली जुलूमपद्धती होती; परिभाषा अशी की शिक्षकालाही शब्दकोश लागावा; ज्यूद्वेषाचा पुरेसा उल्लेख नव्हता, मात्र इस्राएलवरील बहिष्काराच्या चळवळीचा गौरव होता. ज्यू, आर्मेनियन, शीख, अरब अशा अनेक समूहांनी आपापली गाऱ्हाणी मांडली. न्यूसम यांनी २०२० मध्ये सक्तीच्या पहिल्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. २०२१ च्या मार्चमध्ये मान्य झालेला सुधारित अभ्यासक्रम सुमारे ९०० पानांचा आहे. कायद्यातही काही कुंपणे घातली गेली. अभ्यासक्रम पक्षपाती नसावा. स्थानिक मंडळाने स्वतः तयार केलेला पाठ एका जाहीर सभेत मांडावा आणि पुढील सभेतच मंजूर करावा. ही कुंपणे किती आवश्यक होती, हे सांता ॲना येथील प्रकरणाने दाखविले. बंद दाराआड अभ्यासक्रम तयार केल्याच्या तक्रारीवरून ज्यू संघटनांनी दावा लावला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत शिक्षण मंडळाला तडजोड करून काही पाठ थांबविणे भाग पडले. ज्यांना लोकांसमोर बोलण्यास संकोच वाटतो, त्यांनी लोकांच्या मुलांना शिकवू नये, एवढा साधा नियम येथे मोडला गेला होता.

या विषयाचा मुलांना लाभ होतो काय? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या थॉमस डी आणि त्यांच्या सहकारी एमिली पेनर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील शाळांचा अभ्यास केला. आठव्या इयत्तेत ज्यांची सरासरी श्रेणी ठरावीक पातळीखाली होती, त्यांना नवव्या इयत्तेत हा विषय देण्यात आला होता. रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या मुलांची तुलना करता, विषय घेतलेल्यांची उपस्थिती सुमारे २१ टक्के-अंकांनी वाढलेली आढळली; श्रेणीही वाढल्या. या पद्धतीवर काही विद्वानांनी आक्षेप घेतले आहेत, आणि निवडक शाळांतील तयारीच्या शिक्षकांनी जे साधले ते सक्तीमुळे राज्यभर साधेलच, असे म्हणता येत नाही. निष्कर्ष एवढाच, की आपण या देशाच्या कथेत आहोत असे वाटले, तर मूल शाळेत येते. त्यासाठी घोषणा लागत नाहीत, चांगले शिक्षक लागतात. आणि तयारीच्या शिक्षकांसाठी जो पैसा हवा, नेमका तोच अंदाजपत्रकात नव्हता.

हा वाद परक्यांचा म्हणून दूर सारण्याची सोय आपल्याला नाही. २००५-०६ मध्ये त्याच कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकांतील प्राचीन भारताच्या वर्णनावरून काही हिंदू संघटनांनी दुरुस्त्या सुचविल्या होत्या. काही दुरुस्त्या रास्त होत्या. पण जातिव्यवस्था आणि स्त्रियांचे स्थान यांविषयीचा मजकूर सौम्य करण्याच्या सूचनांना इतिहासतज्ज्ञांनी आणि तेथील दलितांनीही विरोध केला, आणि वादग्रस्त दुरुस्त्यांपैकी बहुतेक फेटाळल्या गेल्या. पुढे २०२३ मध्ये जातिभेद स्पष्ट शब्दांत निषिद्ध करणारे विधेयक विधिमंडळात संमत झाले, तेव्हा भारतीयांतच दोन तट पडले आणि न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच्या पूर्वजांचे अन्याय मुलांना शिकवावेत, आपल्या पूर्वजांचे झाकावेत, ही वृत्ती कोणा एका वंशाची मिरासदारी नव्हे.

भगतसिंग थिंद यांचा खटला या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्या या पंजाबी शीखाला १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, तो गोरा नाही म्हणून, नागरिकत्व नाकारले. हा उघड वंशभेद होता. परंतु थिंद यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद काय होता? ते उच्चवर्णीय व आर्यवंशीय आहेत, सबब गोऱ्यांत गणले जावेत! हा पाठ अर्धा शिकविला, तर भारतीय मुलाला केवळ आपल्यावरील अन्याय कळेल. पुरता शिकविला, तर अन्याय सोसणारा माणूसही अन्यायाचीच शिडी कशी चढू पाहतो, हे त्याला कळेल आणि शेजारी बसलेल्या गोऱ्या, काळ्या, मेक्सिकन मुलालाही कळेल. ॲरिझोनाच्या बंदीला हा पाठ सोसला नसता आणि २०१९ च्या मसुद्यालाही तो अडचणीचाच ठरला असता. चांगल्या अभ्यासक्रमाची कसोटी हीच मानावी. कोणत्याच पक्षाला पूर्ण सुखावणार नाही, असा पुरावा तो मुलांपुढे ठेवतो की नाही, हे पाहावे.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांनी सातासमुद्रापलीकडील इतिहास वाचला आणि तो आपल्या घरातील अन्यायाला लावून पाहिला. शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईतील तरुणांनी ऑकलंडच्या ब्लॅक पँथरांचे नाव उचलले, तेही त्याच परंपरेत. दुसऱ्या समूहाची कथा ऐकून स्वतःला प्रश्न विचारता येणे, हे या विषयाचे खरे साध्य आहे. ते ज्या वर्गात साधेल तेथे वंशाची ओळख नागरिकत्वाला मारक ठरणार नाही. ती त्याची पहिली पायरी ठरेल. कॅलिफोर्नियाने कायदा केला, कुंपणे घातली, आणि शिक्षकाच्या हाती खडू देण्याची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला. बंदी घालणाऱ्यांना न्यायालयाने उत्तर दिले. कायदा करून गप्प बसणाऱ्यांना उत्तर देणे मात्र मतदारांचे काम आहे.