हरण्याचाही सराव हवा

मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीची नातवंडे साताऱ्याला आजोळी येतात. बाहेर ऊन असते, म्हणून दुपारी सापशिडीचा पट मांडला जातो. घर जवळ आलेले असताना साप गिळतो आणि सात वर्षांचा नातू पट उधळून देतो. यावर घरातून बहुधा दोनच प्रतिक्रिया येतात. कोणी म्हणते, ‘एवढ्याशा गोष्टीवरून रडतात का?’ नाहीतर पुढच्या डावात आजी गुपचूप हरते. एका उपायाने राग दडपला जातो, दुसऱ्याने टाळला जातो. तो हाताळायचा कसा, हे मुलाला दोन्हींतून कळत नाही.

राग आवरणे ही मेंदूच्या वाढीची आणि सरावाची गोष्ट आहे. आवेगाला लगाम घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत वाढत असतो. त्यामुळे सात वर्षांच्या मुलाचा संयम सुटणे हा हट्टीपणा असतोच असे नाही. बैठे खेळ या सरावाला सोयीचे असतात. पाळी येईपर्यंत थांबावे लागते, नियम पाळावा लागतो, हरल्यावर खरोखर वाईट वाटते. पण नुकसान काहीच होत नाही.

मात्र नुसता पट आणून दिला की मूल आपोआप शिकेल, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतील बालवाडीच्या मुलांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. काही मुलांना ओळीने अंक लिहिलेल्या पटावर खेळवले, तर काहींना तशाच, पण अंकांऐवजी रंग असलेल्या पटावर. काही बैठकांत मिळून साधारण तासभर खेळ झाला. अंकांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज सुधारली आणि ९ आठवड्यांनंतरही टिकली. रंगांच्या पटावरील मुलांना तसा फायदा झाला नाही. अर्थ सरळ आहे: खेळताना जे समोर येते आणि जे तोंडाने म्हटले जाते, तेच मूल शिकते.

आपल्याकडच्या जुन्या पटावर भावनाही लिहिलेल्या असत. सापशिडीचे मूळ असलेल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे होते. परंपरेने हा पट संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. पुढे तो इंग्लंडमध्ये जाऊन मुलांचा खेळ बनला, नावे पुसली गेली आणि उरले ते १ ते १०० आकडे. आजच्या सापशिडीतून मूल मोजायला शिकेल. रागाबद्दल मात्र मोठ्यांनीच बोलावे लागेल. मनाला समजावण्याची परंपरा सातारा जिल्ह्याला नवी नाही. सज्जनगड आणि चाफळ इथेच आहेत. पण मनाचे श्लोक घडाघडा म्हणणारे मूलही हरल्यावर सोंगट्या भिरकावते, कारण पाठांतर वेगळे आणि सराव वेगळा.

हा सराव कसा असतो, ते सांगलीला ठाऊक आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळामुळे या शहरात बुद्धिबळाच्या पटावर पिढ्या घडल्या. स्पर्धेत हरलेला खेळाडू आधी प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करतो. मग लिहून ठेवलेल्या चाली पुन्हा मांडून कुठे चुकले ते पाहतो. ‘मी हरलो’चे ‘माझी ही चाल चुकली’ असे होते. मानसशास्त्रात याला प्रसंगाकडे नव्या नजरेने पाहणे म्हणतात, आणि भावना दाबून टाकण्यापेक्षा ते सहसा अधिक हितकारक ठरते.

घरी यासाठी महागडे ‘भावना शिकवणारे’ संच नकोत. ल्युडो, व्यापार, कॅरम, घरात असेल ते चालेल. राग आला तर काय करायचे, हे डाव मांडण्याआधीच ठरवावे: दहा सावकाश श्वास, किंवा पाणी पिऊन येणे. साप गिळला की ‘एवढं जवळ येऊन घसरलास, राग आला ना?’ असे म्हणावे. भावनेला नाव मिळाले की तिचा जोर ओसरायला मदत होते. मोठ्यांनी स्वतः हरल्यावर ‘मलाही वाईट वाटलं, पण अजून एक डाव खेळू’ असे मोठ्याने बोलून दाखवावे. मुद्दाम हरू नये. मूल लहान असेल तर सगळ्यांसाठीच नियम सोपे करावेत. पट उधळलाच तर डाव थांबवावा आणि शांत झाल्यावर सोंगट्या त्याच्याकडूनच गोळा करून घ्याव्यात.

खेळ हा उपचार मात्र नव्हे. मूल सतत स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, झोप-जेवण-शाळा बिघडली असेल, तर तज्ज्ञांकडे जावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

सातारा-सांगलीत चौथी-पाचवीपासून शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिक स्कूल अशा परीक्षांच्या शिकवण्या लागतात. जागा थोड्या असतात, त्यामुळे यादीत नाव न येणारी मुलेच जास्त असतात. जिंकण्याच्या तयारीवर घरे इतका खर्च करतात. हरण्याच्या तयारीला दुपारचा एक तास पुरतो. आयुष्यातला पहिला पराभव निकालाच्या यादीत भेटण्यापेक्षा आजीच्या ओसरीवर भेटलेला बरा.