मुकादमाला चेहरा होता

शिकत असताना ज्याच्या हाताखाली राबलो तोच पुढे जन्माचा स्नेही झाला, असे सांगणारे कार्यकर्ते समाजवादी चळवळीत थोडे नाहीत. ऑक्टोबर १९२२ मध्ये जयप्रकाश नारायण कॅलिफोर्नियात उतरले, तेव्हा बर्कलीत प्रवेश मिळण्यास अवधी होता आणि खिसा रिकामा होता. शेरखान नावाच्या पठाणाच्या टोळीत ते द्राक्षमळ्यावर मजुरीला लागले. बिहारचा कायस्थ विद्यार्थी आणि सरहद्दीचा मुसलमान मुकादम! मायदेशी ही दोघे एका पंक्तीला बसली असती काय? पुढे फळांचे कारखाने झाले, उपाहारगृहातील भांडी घासणे झाले. १९२९ मध्ये परतलेल्या या पदवीधराने पुढे रेल्वेमजुरांच्या महासंघाचे अध्यक्षपद सांभाळले, ते मजुरी पुस्तकातून शिकून नव्हे.

मुकादमाच्या स्नेहाने मजुरीचा प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे. कित्येकदा तो स्नेहच मजुरी बुडविण्याचे साधन होतो. परंतु भांडावयासही समोर माणूस लागतो. आज पुण्यात स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करीत घरोघर जेवणाचे डबे पोचविणाऱ्या तरुणाला तो माणूसच उरलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची व्याख्याच मुळी ‘पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर’ कमावणारा अशी केली आहे. मालक कायद्यानेच अदृश्य झाला! एका सकाळी मोबाइलवरील त्याचे खाते बंद होते. दाद मागावयास तो जाणार कोणाच्या दारी?